मद्यपान, वाहन आणि शिक्षा : दोष कशाने वाढतो?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत निफाड येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



निफाड हा द्राक्षांचा तालुका. विंचूरला वाइन पार्क आहे, पिंपळगाव बसवंतवरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. वरात संपल्यावर ‘थोडीच घेतली आहे’ असे म्हणत गाडीची किल्ली उचलणारा तरुण आपल्याला अपरिचित नाही. त्याच्या हातून अनर्थ घडला की घरचे म्हणतात, ‘तो शुद्धीवर नव्हता, त्याचा हेतू नव्हता.’ ही सबब कायदा कितपत मानतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा घडतो. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. शिवाय दोष सिद्ध होताच वाहन चालविण्याचा परवाना किमान सहा महिने गमवावा लागतो. सबळ कारणाविना रक्ततपासणी नाकारल्यास तो नकारच विरोधी पुराव्याला बळ देतो.

मनुष्यहानी झाली तर प्रश्न अधिक गंभीर होतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात श्रमिकांचा मोटारीखाली मृत्यू झाला, आठ जण जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा यास सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे सक्तमजुरी दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य घेऊन वेगाने गाडी हाकल्यास जीव जाऊ शकतो, याची जाणीव चालकास होती, हा त्यातील मुख्य विचार.

आजच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत, तर अशा जाणिवेने घडविल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. आणि जो स्वतःहून मद्य घेतो, त्याला शुद्धीवर असताना जेवढी जाणीव असती, तेवढी नशेतही होती, असेच कायदा धरतो. ‘भान नव्हते’ ही सबब तेथेच संपते.

अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन गेले आणि गुन्हा घडला, तर पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे. ‘मला ठाऊक नव्हते’, किंवा मुलाला रोखण्याची योग्य खबरदारी मी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते.

आपल्या परंपरेने मद्याला प्रमाद म्हटले आहे. कायदाही वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येतो : अपराधाचा आरंभ रस्त्यावर नव्हे, पेला उचलताना होतो. म्हणून समारंभाच्या दारात किल्ली मागून घेणारा यजमान अतिथीचा अवमान करीत नाही. तो त्याचे रक्षण करतो.

जय जिनेंद्र.