पोळा, पाडवा आणि जाम नदीचे दोन काठ



‘घरातला आवडता सण’ यावर बोला म्हणाले, आणि गणपतीच्या मांडवात उभी राहून मी पोळ्यावर बोलणार आहे. बाप्पा समजून घेतील. पोळ्याची अमावास्या सरली की चौथ्या दिवशी त्यांचीच पाळी असते.

1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हाही झाला. कचेरीची भाषा हिंदी झाली, पण पोळा काही हिंदी झाला नाही. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी, हळद-तुपाने खांदे चोळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. मला वाटतं, जनावराला असं मानानं बोलावणं दुसऱ्या कोणत्या सणात नसेल. सकाळी नदीवर अंघोळ, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, तोरणाखाली झडत्या. दारी बैल आला की घरची बाई पाय धुऊन ओवाळते आणि आधी त्याला पुरणपोळी, मग आपलं जेवण. आता ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. आमच्याही गोठ्यात बैल नाहीत. शेजाऱ्यांची जोडी दारी येते, तिलाच ओवाळतो.

दुसरा दिवस पाडव्याचा. त्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदीला दोरी बांधून दारोदार फिरायचं, बोजारा घ्यायचा. आणि त्याच दिवशी जाम नदीत गोटमार.

माझं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लागतो, दोन्ही काठांवरून दगड सुटतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता, नदीत दोघांवर दगड पडले, ही आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे. चंडीमातेची पूजा झाल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, हेही. पण मला विचाराल तर त्या गोष्टीत रडायचं ते मुलीच्या आईनं, दोन्ही घरच्या. आपण मात्र दरवर्षी दगडच मोजतो. या खेळात माणसं मेली आहेत, डोळे गेले आहेत, शेकडो जण जखमी होतात. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले. हातात दगडच आले. माझा भाऊ त्या काठावर, नवरा या काठावर, आणि दोघांसाठी पुरण मीच वाटलेलं. सायंकाळी दोघंही धड घरी येईस्तोवर मला घास उतरत नसे.

परंपरा मोडा म्हणत नाही. पूजा राहू द्या, झाड राहू द्या, झेंडाही चंडीमातेच्या देवळात जाऊ द्या. पोळ्याला आपण दारात पळसाच्याच फांद्या लावतो, इडापीडा जावी म्हणून. तोच पळस नदीत रोवून पीडा घरी का आणायची?

मंडळापुढे एक मागणी ठेवते. पुढच्या पाडव्याला दुपारी, गोटमारीच्याच वेळेला, तान्ह्या पोळ्याची स्पर्धा घ्या. सावरगावची लेकरंही बोलवा. बक्षीस सजावटीला नको, झडती म्हणणाऱ्याला द्या. बोजारा आम्ही बायका देऊ. माळ्यावर ज्यांचे जुने नंदी पडले असतील, त्यांनी आत्ताच उतरवून दोरी बदलून ठेवावी. वाळवी लागलेले दोन तर आमच्याच घरी आहेत.