कुंडीतील रोपाची नाडीपरीक्षा

जमिनीत लावलेल्या रोपाला पाणी कमी पडले, तर त्याची मुळे खोल उतरतात. एका बाजूस कातळ लागला, तर दुसऱ्या बाजूस वळतात. कुंडीतील रोपाला ही मोकळीक नसते. त्याचे सारे जग म्हणजे वीतभर खोलीची माती, आणि त्या जगातला पाऊस, ऊन व अन्न ही सर्व एका माणसाच्या हातात. म्हणूनच असे रोप खंगू लागले, की त्याच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा त्या हातातच सापडते. आणि तो हात बहुधा निष्काळजी नसतो. फार प्रेमळ असतो.

बंगळूर शहरात हे जितके प्रत्ययास येते, तितके क्वचितच अन्यत्र येत असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले हे शहर बागांचे म्हणून नावाजलेले आहे. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची उभारणी सुरू केली. पुढे गुस्टाव क्रुंबिगल या जर्मन उद्यानशास्त्रज्ञाने त्या बागेला व एकंदर शहराच्या वृक्षराजीला आजचे वळण दिले. मराठी श्रोत्यांस जवळीक वाटावी अशी गोष्ट ही, की क्रुंबिगल हिंदुस्थानात प्रथम आले ते १८९३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास. तेथून १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले आणि १९५६ मध्ये बंगळुरातच त्यांचा अंत झाला. आजही जानेवारी व ऑगस्टमधील पुष्पप्रदर्शनांना लोटणारी गर्दी घरी परतते, ती हातात एखादे रोप घेऊनच. त्यांतील किती रोपे वर्षभर जगतात, हा प्रश्न मात्र अलाहिदा.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. सोलापूरकडची एक वृद्ध गृहिणी मुलाच्या नोकरीनिमित्त बंगळुरास येऊन राहिली आहे. गावचा वाडा विकला गेला. अंगणातल्या वृंदावनातील तुळशीचे एक रोप तेवढे तिने सोबत आणले. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. सकाळी तांब्याभर पाणी घातले, तरी दुपारपर्यंत वृंदावनाची माती कोरडी. तोच तांब्या बंगळुरातील तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, सौम्य हवेत आणि आभाळ भरून आलेल्या श्रावणात, आठ इंची कुंडीत रोज रिकामा होऊ लागला. तीन आठवड्यांत खालची पाने पिवळी पडली, शेंडा मान टाकू लागला. सासूबाईंनी पाणी वाढविले. सूनबाईंनी बाजारातून खताची पुडी आणली. दोघींनाही मनातून धास्ती एकच: गावची तुळस आपल्या हातून जाते की काय!

येथे रोगनिदानाचा पहिला धडा आहे. पाने मलूल दिसली, की रोप तहानलेले आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सदैव पाण्याने भरलेल्या राहिल्या, म्हणजे मुळे गुदमरतात, बुरशीला वाट मिळते आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी शोषता येत नाही. मग भोवती पाणी असूनही रोप तहानेने व्याकूळ होते, वर पाने लोंबतात, आणि ती लोंबलेली पाहून आणखी पाणी घातले जाते. तेव्हा पानांकडे पाहण्यापूर्वी मातीत बोट घालावे. दोन पेरे खोल माती कोरडी लागली आणि पाने मलूल असली, तर पाणी हवे. माती ओली असून पाने मलूल असली, तर दुखणे मुळांत आहे. याहून सोपी रीत कुंडी उचलून पाहण्याची. भरपूर पाणी दिल्यावर कुंडीचे वजन किती आणि कोरडेपणी किती, हे आठ दिवसांत हाताला कळू लागते.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा जाड थर दिला, की पाणी लवकर निचरते, ही समजूतही जुनी आहे. भोकावर एक खापरी ठेवून माती वाहून जाऊ न देणे योग्यच. पण थर कितीही जाड दिला, तरी त्याच्या वरची माती पाणी धरूनच ठेवते, आणि ओलसर पट्टा उलट मुळांच्या अधिक जवळ सरकतो. निचरा होतो तो मातीच्या पोतामुळे. बंगळूरची तांबडी माती दिसण्यात देखणी, पण कुंडीत नुसती भरली तर वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. तिच्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत आणि जाड वाळू किंवा काथ्याचा भुसा मिळून निम्म्याहून अधिक मिसळावा लागतो.

आता पानांची भाषा. पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे पाहणे महत्त्वाचे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये रोपाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाकडे नेता येतात. त्यांची टंचाई झाली, की रोप जुन्या पानांतील साठा काढून कोवळ्या शेंड्याला पुरविते. सबब खालची पाने आधी पिवळी पडतात. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातले लेकरांना द्यावे, तसाच हा प्रकार. लोह व चुना यांचे तसे नाही. ती जेथे पोचली तेथेच राहतात. म्हणून त्यांची उणीव नव्या पानांत प्रकटते. कोवळे पान पिवळे आणि त्यातील शिरा तेवढ्या हिरव्या, असे चित्र दिसले, की लोहाची उणीव समजावी. मात्र कुजक्या मुळांमुळेही खालची पाने पिवळी पडतात. यास्तव माती तपासल्याविना नुसत्या पानांवरून निदान करू नये.

लोहाच्या उणिवेचे बंगळुरातील कारण पुष्कळदा मातीत नसते. ते पाण्यात असते. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांच्या अंतरावरून चढवून शहरात आणले जाते; जेथे ते पुरत नाही, तेथे कूपनलिकेचे जड पाणी वापरतात. त्यातील क्षारांमुळे कुंडीची माती हळूहळू अल्कधर्मी होते, आणि मातीत लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसू लागली, की हे ओळखावे. मार्च २०२४ मध्ये शहरातील कित्येक कूपनलिका आटल्या, तेव्हा जलमंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई करून ५,००० रुपयांचा दंड ठरविला. अशा दिवसांत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची कल्पना काटकसरीची खरी. पण त्या पाण्यात मूळ पाण्याहून अधिक क्षार साठलेले असतात. फरशी पुसण्यास ते उत्तम, कोवळ्या रोपास नव्हे. तांदूळ-भाजी धुतलेले बिनमिठाचे पाणी, आणि पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी, ही दोन्ही त्याहून बरी. क्षार साठलेच, तर साध्या पाण्याने माती एकदा सावकाश, खालून भरपूर पाणी वाहीपर्यंत धुवावी. लोहासाठी लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस व चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे.

किडींचे दुखणे त्या मानाने उघड. पानाची पाठ उलटून पाहिली, की मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण डोळ्यांना दिसतो. बारीक जाळी व फिकट ठिपके दिसले, तर लाल कोळी. आरंभी पाण्याची जोरकस फवार आणि नंतर निंबोळी अर्क, एवढ्याने घरगुती प्रमाणावर बहुधा भागते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला एक अध्याय दिला असून, पाने फिकट होणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे, रस गळणे ही रोगलक्षणे सांगितली आहेत. सुरपालाने पुढे वृक्षांनाही वात, पित्त, कफ हे दोष लावले. आजचे शास्त्र ते दोष मानणार नाही. परंतु लक्षणावरून कारणाकडे जाण्याची शिस्त तीच.

त्या तुळशीकडे पुन्हा वळू. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढला, तेव्हा आंबूस वास आला. टणक, पांढरी मुळे थोडीच उरली होती. बाकीची तपकिरी, मऊ, बोटाने ओढताच साल निसटणारी. ती स्वच्छ कात्रीने कापली. नव्या, भुसभुशीत मातीत, पूर्वीपेक्षा लहान कुंडीत रोप लावले, मंजिऱ्या खुडल्या, आणि आठवडाभर थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवले. खताची पुडी सूनबाईंनी कपाटात ठेवून दिली. आजारी मुळांना खत म्हणजे ज्वर आलेल्या माणसास पंचपक्वान्नांचे ताट.

उरला प्रश्न रोजच्या पाण्याचा. सासूबाईंना ते सोडवेना. पूजेनंतर तुळशीला पाणी घालणे हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. अखेर तांब्याच्या जागी पळी आली. रोज एक पळी पाणी तुळशीला, आणि खरे पाणी बोट कोरडे लागेल त्याच दिवशी. पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत. ती होतही नसतात. पंधरा दिवस रोपात काहीच हालचाल दिसली नाही, आणि त्या पंधरा दिवसांत काही न करता थांबणे हेच घरातल्या सर्वांना जड गेले. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढी दोन पाने फुटली. सासूबाईंनी चष्मा लावून ती पाहिली, आणि सुनेला हाक मारली.