आशा नावाची प्रयोगशाळा
(हीरक महोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



शाळा सोडल्यावर नोकरीनिमित्त मी लखनौला गेलो आणि तिथलाच झालो. त्या लखनौचे सुपुत्र शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. त्या वेळी स्थानकाचे नेतृत्व ताकुया ओनिशी या जपानी अंतराळवीराकडे होते. स्थानकातील सर्वांत मोठी प्रयोगशाळाही जपानचीच आहे. तिची लांबी ११ मीटरहून अधिक असून तिचे नाव आहे ‘किबो’, म्हणजे आशा.

या नावापाशी मी थोडा थांबतो, कारण मराठी शाळेच्या व्यासपीठावर त्याला विशेष अर्थ आहे. ‘मातृभाषेत शिकून मूल विज्ञानात मागे तर पडणार नाही ना?’ हा प्रश्न आज पालकांच्या मनाला पोखरतो आहे. जपानचा इतिहास हे त्याचे एक उत्तर आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नागासाकीत शिझुकी तादाओ नावाचे डच भाषेचे जाणकार न्यूटनच्या सिद्धान्तांवरील ग्रंथ जपानीत आणत होते. ‘गुरुत्वाकर्षणा’साठी जपानीत शब्दच नव्हता. त्यांनी ‘भार’ आणि ‘बल’ ही दोन अक्षरे जोडून तो घडवला. आजही जपानी मुले शाळेत तोच शब्द शिकतात. परकीय ज्ञान पचवून ते स्वभाषेत रुजवण्याची ही रीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

हिदेओ इतोकावा यांनी १९५५ मध्ये अवघ्या २३ सेंटिमीटर लांबीच्या ‘पेन्सिल’ अग्निबाणापासून प्रारंभ केला. पुढे उपग्रह सोडण्याचे चार प्रयत्न फसले. पाचवा ११ फेब्रुवारी १९७० रोजी यशस्वी झाला. स्वतःच्या अग्निबाणाने उपग्रह सोडणारा जपान हा चौथा देश ठरला. ज्या द्वीपकल्पावरून उड्डाण झाले, त्याचेच ‘ओसुमी’ हे नाव उपग्रहाला मिळाले.

‘हायाबुसा-२’ हे यान ज्या लघुग्रहावर गेले, त्याचे नाव र्‍युगू. जपानी लोककथेत हा समुद्रतळीचा राजवाडा आहे. तेथून एक कोळी गूढ पेटी घेऊन परततो. डिसेंबर २०२० मध्ये यानाने पाठवलेली कुपी ऑस्ट्रेलियात उतरली. तिच्यात सुमारे ५.४ ग्रॅम माती होती आणि त्या मातीत अमिनो आम्ले सापडली. आजीच्या गोष्टीतली पेटी अशी खरोखरच उघडली गेली.

क्योतो विद्यापीठातील कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ मध्ये क्वार्कचे किमान सहा प्रकार असावेत, असे भाकीत केले. तेव्हा तीनच ज्ञात होते. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तेव्हा मास्कावा यांनी स्टॉकहोममधील व्याख्यान जपानीतच दिले.

मात्र याचा अर्थ इंग्रजी टाळावी, असा मुळीच नाही. तो १९७३ चा शोधनिबंध इंग्रजीतच होता, आणि ओनिशींनाही स्थानकावर इंग्रजी व रशियन लागलीच. जगाशी बोलायला जगाची भाषा हवी. पण कुतूहलाचा पहिला प्रश्न मूल आईच्याच भाषेत विचारते. तो प्रश्न तिथेच खुडला गेला, तर पुढे कोणतीही भाषा कामी येत नाही.

आपल्याकडेही परंपरा आहे. वाराणसीत वाढलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला विश्वाचे गणित मांडून आले आणि मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिले. त्या कथा घराघरांत वाचल्या गेल्या, पण त्यांच्यामागून येणारे हात कमी पडत आहेत.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यात अभियंते, डॉक्टर, संशोधक आहेत. वर्षातून एकदा शाळेत या आणि आपले काम मुलांना मराठीत समजावून सांगा. शब्द अडला, तर शिझुकींप्रमाणे घडवा. पालकांनो, मुलाच्या ‘का?’ला घरात मराठीत उत्तर द्या. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्यासोबत शोधा.

भारत आणि जपान आता ‘चंद्रयान-५’ ही मोहीम मिळून आखत आहेत. अवतरणयान आपले, चंद्रावर फिरणारी बग्गी त्यांची. त्यानंतरच्या एखाद्या मोहिमेत या शाळेचे मूल असावे, अशी आशा व्यक्त करतो.