छत रोज ठोकावे लागते



संयोजकांनी मला माझ्या श्रद्धेविषयी चार शब्द बोलायला सांगितले. नाताळच्या आमच्याकडच्या करंज्या तुम्ही बहुतेकांनी खाल्ल्या आहेत, तेव्हा संकोच नाही. मी पापाविषयी बोलणार आहे. घाबरू नका, कुणाची यादी वाचणार नाही!

चिखल्याच्या मुलांना खाण समजावून सांगावी लागत नाही. भूमिगत खाणीत काम सुरू होण्याआधी छत ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर ठीक. पोकळ आला तर तो भाग आधी पाडायचा किंवा त्याला आधार द्यायचा, मगच माणसे आत. 'कालच ठोकले होते' हे उत्तर तिथे चालत नाही. जिथे वर्षानुवर्षे काही पडलेले नाही, तिथेच माणूस वर पाहायचे विसरतो.

ख्रिस्ती जीवनातही असेच होते. चोरी करणाऱ्याला आपण चोरी केली हे कळते. खरा धोका असतो तो दर रविवारी उपासनेला जाणाऱ्याला, ज्याला पापांगीकाराची प्रार्थना तोंडपाठ आहे. भावाशी धरलेला अबोला, कामवालीचे कापलेले पैसे, दुसऱ्याच्या मेहनतीवर मिळवलेली शाबासकी, यांना तो पाप म्हणतच नाही. 'स्वभाव' म्हणतो, 'व्यवहार' म्हणतो. शिवाय देव क्षमाशील आहे, हा दिलासा असतोच. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घेतला आहे: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहायचे का? त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. क्षमा मिळते ती पापातून बाहेर पडण्यासाठी, त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी नाही.

या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचा मोठा आधार वाटतो. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. विद्वत्ता होती, कीर्ती होती, विधवांसाठी अहोरात्र काम चालले होते. अशा बाईला कोण म्हणणार, तू अजून स्वतःला तपास? पण त्यांनी तपासले. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा पाळक स्वतःचेच प्रवचन करताना बदलून गेला होता! बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवले की आपल्या हाती धर्म आला, ख्रिस्त आला नाही. हे त्यांनी लपवले नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिले.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन गेल्या. आपला भंडारा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. पुढे 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात, रोजच्या प्रार्थनेतून, मोठी जागृती झाली. मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. ज्यांच्यावर जगाने अन्याय केला होता, त्यांनीही स्वतःचे मन ठोकून पाहिले. मग आपल्याला सूट कशी?

पण स्वतःचा पोकळ आवाज स्वतःला नेहमी ऐकू येत नाही. दावीद राजाला तो नाथान संदेष्ट्याने ऐकवला. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून राजा संतापला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दुसऱ्याच्या पापावर संतापणे किती सोपे!

म्हणून मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातले एक तरी पाप त्याच्या खऱ्या नावाने देवापुढे सांगावे. ज्याचे नुकसान केले, त्याचे भरून द्यावे. नुसती प्रार्थना पुरत नाही. आणि आपल्याला तोंडावर सांगू शकेल असा एक तरी माणूस जवळ ठेवावा.

ही तिसरी गोष्ट या वयात अवघड होत जाते. हुद्दा वाढतो, तसे खरे बोलणारे कमी होतात. या सभागृहात मात्र ते अजून आहेत. सर, बाई, आमचे कान धरण्याचा तुमचा हक्क निवृत्त झालेला नाही. आणि मित्रांनो, आपला धर्म कोणताही असो, एकमेकांना खरे सांगण्याइतकी जवळीक आपण टिकवू या.