लहान गाव, मोठे विद्यापीठ



भौतिकशास्त्र शिकायला महानगरच हवे, असा न्यूनगंड आपल्या मुलांत आम्हाला दिसतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ पाहा. १८६७ साली स्थापन झालेले हे सरकारी विद्यापीठ शिकागोपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, शेतीच्या मुलखात, अर्बाना-शॅम्पेन या जोडगावांत आहे. अतिशीत धातूंतून वीज विनारोध का वाहते, हे कोडे तेथे १९५७ साली उलगडले. प्रा. जॉन बार्डीन व लिऑन कूपर यांच्याबरोबर शोधनिबंधावर रॉबर्ट श्रीफर या विद्यार्थ्याचेही नाव छापले गेले. १९७२ साली तिघांनाही नोबेल मिळाले.

तेव्हा जिल्ह्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर खंत नको. प्रयोगशाळा सोडू नका, प्राध्यापकांना प्रश्न विचारा. आणि सभासद बंधुभगिनींनो, अशा मुलामुलींच्या वसतिगृहाचा खर्च आपण उचलू या.