अंगावर काढलेला ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला आणि विषय माझ्यावरच सोपविला. माझे शिक्षण सातवी. मोठ्या विषयाला हात घालण्याची माझी शक्ती नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, तेवढी सांगते. दवाखान्यातील नर्सबाई आणि गावातील आशाताई स्वतः आजारी असताना कामावर येतात, त्याविषयी.

आपण बायका ताप अंगावर काढतो. कपाळाला सुंठ लावायची आणि स्वयंपाकाला उभे राहायचे. त्यामुळे तापात कामावर आलेली नर्स पाहिली की आपण लगेच म्हणतो, "बाई किती कामाची!" मला विचाराल तर हे कौतुक बरे नव्हे.

कोणी म्हणेल, मग सावित्रीबाईंनी काय केले? सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेक. माझेही माहेर सातारकडचे, म्हणून त्यांचे नाव घेताना ऊर भरून येतो. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत. मुंढव्याचे एक आजारी पोर त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. पण रोग्याचा आजार आपल्या अंगावर घेणे वेगळे, आणि आपला आजार रोग्याच्या अंगावर घालणे वेगळे. पहिला त्याग आहे. दुसऱ्याला ते नाव कसे द्यावे?

आता आशाताईंचे पाहा. बाळ दवाखान्यात जन्मले तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ताई घरी येते. वजन करते, ताप बघते, बाळ अंगावर नीट पिते का ते पाहते. ही रीत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीकडे, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना शिकवून घालून दिली आणि पुढे ती देशभर गेली. किती कोवळे जीव तिने वाचविले असतील!

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत एका सुनेचे बाळ सात दिवसांचे झाले. ताई वेळेवर आली, पण डोळे लाल, आवाज बसलेला. म्हणाली, "गोळी घेतलीय, ताप उतरलाय." मैत्रिणींनो, गोळीने ताप उतरतो, आजार उतरत नाही. फ्लूचे दुखणे तर अंगात जाणवायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागू शकते. म्हणून गोळी न घेता पुरते २४ तास ताप आला नाही तरच माणसांत जावे, असे डॉक्टर सांगतात. जुलाब-उलट्या असतील तर त्या थांबल्यावर आणखी दोन दिवस. आणि तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत फ्लूची लससुद्धा देता येत नाही.

त्या घरच्या सासूबाई शहाण्या. त्यांनी ताईला ओसरीवर बसविले, चहा दिला, बाळाला हात लावू दिला नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "काकू, भेट राहिली तर कागद अपुरा राहतो." या साऱ्या भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये, तोही भेटी पुऱ्या झाल्यावर! मग ताप असला तरी ती बिचारी घरी कशी बसेल?

तिचा दोष नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. कारखान्यातील कामगाराला विम्यातून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळू शकतो. आशाताई मात्र कागदावर 'स्वयंसेविका'. तिला पगारी रजा कोठली? २०२१ च्या जूनमध्ये राज्यातील आशाताईंनी संप केला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, टाळ्या वाजल्या. नर्सबाईंची कथाही फार निराळी नाही. एकीने रजा घेतली की दुसरीला दुहेरी पाळी, म्हणून मैत्रिणीच्या भिडेनेही त्या येतात.

याचा परिणाम काय होतो ते आपण करोनात पाहिले. मार्च २०२० मध्ये आपल्या इस्लामपुरात चार रुग्ण सापडले आणि पाहता पाहता आकडा वीसच्या पुढे गेला. मिरजेच्या सरकारी दवाखान्यातील माणसांनी त्यांची सेवा केली. एप्रिलमध्ये मुंबईच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात परिचारिकांनाच लागण झाली आणि रुग्णालय बंद ठेवावे लागले. सेवा करणारी पडली की साऱ्यांचीच सेवा थांबते.

म्हणून मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांच्या नावाने एक अर्ज केला आहे. ताई आजारी असेल त्या दिवशी शेजारच्या गावची आशा किंवा गटप्रवर्तक बाई यावी, आणि आजारी ताईचा मोबदला कापू नये, एवढेच त्यात आहे. अक्षर माझ्या मुलीचे आहे, माझे कोणाला लागत नाही! अर्ज चहाच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना सह्या कराव्यात. आणि ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांनी आपल्या ताईचा फोन नंबरही खाली लिहून ठेवावा, म्हणजे ती आजारी पडली तर तिच्या घरी डबा कोणी पोचवायचा, ते आजच ठरविता येईल.