आधी कसं उघडलंस ते दाखव
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू नक्की काय काम करतोस ते दहा मिनिटांत सांग," असे आयोजकांनी मला फर्मावले आहे. घरच्यांनाही ते अजून नीट सांगता आलेले नाही, म्हणून शाळेतल्याच गोष्टीपासून सुरुवात करतो.

आपण नववीत असताना खेळाच्या सामानाच्या कपाटाला तीन आकड्यांचे कुलूप होते. एक हजार शक्यता. सगळ्या करून बघायला मधली सुट्टी पुरली नसती. पण कुलूप जुने होते. कडी ओढून धरून चकती फिरवली की बरोबर आकड्यावर ती किंचित अडखळायची. म्हणजे प्रत्येक चकतीला फार तर दहा प्रयत्न, एकूण तीस. आम्ही चेंडू काढला आणि लगेच पकडलेही गेलो. विज्ञानाच्या सरांनी छडी उचलली, मग खाली ठेवली आणि म्हणाले, "आधी कसं उघडलंस ते दाखव."

आज मी तेच काम करतो, फक्त आता त्याचा पगार मिळतो. तुमच्या एटीएम कार्डावरच्या चिपमध्ये, मोबाइलच्या सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. एईएस पद्धतीत ती बहुधा 128 बिटांची असते. तिच्या सगळ्या शक्यता तपासायला विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. पण चिप हिशेब करताना वीज खाते, आणि किती खाते हे आतल्या आकड्यांवर थोडेसे अवलंबून असते. पॉल कॉकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की ही वीज मोजून किल्ली तुकड्यातुकड्याने काढता येते. एईएसमध्ये असे 16 बाइट, प्रत्येकाच्या 256 शक्यता, म्हणजे एकूण 4096. गणित आपल्या चकत्यांचेच!

यावर उपाय निघाले. गुपिताचे यादृच्छिक तुकडे करून हिशेब करायचा, याला मास्किंग म्हणतात. शिवाय हिशेबाची वेळ मुद्दाम मागेपुढे करायची, म्हणजे विजेचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. पूर्वी अशा आलेखात नेमके कुठे बघायचे हे मुरलेला माणूस ठरवत असे. आता एआयला तशाच चिपचे हजारो आलेख दाखवले की चकती कुठे अडखळते ते तो स्वतःच शिकतो. मागेपुढे सरकलेले आलेखही डीप लर्निंगला वाचता येतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवले.

हे मी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. काही वर्षांपूर्वी मी आखलेली एक चिप आमच्या सगळ्या जुन्या चाचण्यांत पास झाली. नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीने तिच्यावर असे मॉडेल चालवले आणि दुपारपर्यंत पहिला बाइट काढला. "मोजण्यात चूक असेल," मी म्हणालो. तिचा अहवाल दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. खरे कारण एवढेच, की मला लाज वाटत होती. नमुने ग्राहकाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी सर आठवले. तिला बोलावून म्हणालो, "आधी कसं उघडलंस ते दाखव." गुपिताचे दोन तुकडे एकाच रजिस्टरमध्ये लागोपाठ येत होते आणि त्या बदलातून गुपित झिरपत होते. चूक माझीच होती. नमुने थांबवले. चार महिने उशीर झाला, बोलणीही खाल्ली.

घाबरू नका. 2024 मध्ये निंजालॅब या फ्रेंच प्रयोगशाळेने युबिकी 5 मधली अशीच एक गळती उघड केली. त्यात एआय नव्हता, पण दोष 14 वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. तरीही हल्ल्यासाठी ती किल्ली हातात घेऊन उघडावी लागते आणि महागडी उपकरणे लागतात. म्हणून कार्ड हरवले तर त्याच दिवशी बंद करा. आपल्यापैकी जे कारखाना किंवा बँक चालवतात त्यांना एक विनंती आहे. "यंत्र पास झालं का?" एवढेच विचारू नका, "कोणी, कशाने फोडून पाहिलं, आणि कधी?" असेही विचारा.

कपाटाचे ते कुलूप सरांनी त्याच आठवड्यात बदलले. नवे लावण्याआधी त्यांनी ते माझ्याच हातात दिले आणि म्हणाले, "उघड." मला ते उघडता आले नाही. माझ्या धंद्याचा पहिला धडा तोच होता. सर समोरच बसले आहेत. त्यांना नमस्कार करतो आणि थांबतो.